जानकीवहिनीची तीट

जानकीवहिनी जळकुटी आहे हे अख्ख्या भटवाडीला ठाऊक आहे, आणि ती स्वतःही ते नाकारत नाही. "माझ्या पोटात दुखतं तर दुखतं. तुमच्या ओव्याने थांबणार आहे का?" असं तोंडावर विचारते. बाकीचे लपूनछपून जळतात, ही दार उघडं ठेवून जळते. म्हणून मला ती आवडते. गोड बोलून पाठीमागे नाक मुरडणाऱ्यांचा मला भारी संताप येतो, आणि आमच्या मजल्यावर त्यांची काही कमी नाही.

तिचं सगळं जळणं एकाच बाईवर, धाकटी जाऊ सुगंधा हिच्यावर. जावाजावा आणि उभा दावा म्हणतात, पण इथे दावा एकटीच लढत होती. सुगंधा गोरीपान, आणि आपण गोऱ्या आहोत हे क्षणभरही न विसरणारी. जानकीवहिनी काळी. सावळी म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, पण तिला ती चालत नाही. "काळी म्हण गं सरळ. सावळी म्हटल्याने उजळणार आहे का मी?"

लग्न होऊन ती देवगडहून घाटकोपरला आली, तेव्हा इथे टेकडीवर बैठी चाळ होती. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवतात, वर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने घालतात. एरवी सणाला काळं वर्ज्य, हा एक दिवस काळ्याचा. जानकीवहिनी वाट बघून होती. सासूने आणली पिवळी साडी. "काळ्या आंगार काळी साडी? काळोखात काळोख, दिसतला काय?" काळी साडी नाही, तर हलव्याचे दागिने कशावर शोभणार? तेही राहिले.

मग सुगंधा आली. तिला काळी साडी, मुकुटापासून कंबरपट्ट्यापर्यंत सगळे दागिने, फोटोवाला बोलावून फोटो. फोटोआधी कोणीतरी म्हणालं, पोरीला दृष्ट लागेल, गालाला काजळाची तीट लावा. सासू हसून म्हणाली, "येगळी तीट कित्याक व्हयी? जानकी आसा मा शेजारी उभी."

सगळे हसले. धोंडूभावजीही हसले, म्हणजे जानकीवहिनीचा नवरा. ते हसले नसते तर पुढचं बरंच काही टळलं असतं, असं माझं मत आहे.

त्यानंतर वहिनी दादरच्या एका बाईकडून हलवा करायला शिकली. मंद आचेवर परात, परातीत तीळ, वर थेंब थेंब पाक, आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. बोटांची सालं निघतात. पण तिच्या हलव्याला काटा असा येतो की बघत राहावं. चाळीतल्या, पुढे सगळ्या भटवाडीतल्या नव्या सुना तिचेच दागिने घालून मिरवल्या. आणि प्रत्येकीला सजवून आली की दोन दिवस ती कोणाशी धड बोलायची नाही. "हिलासुद्धा मिळाले," एवढंच पुटपुटायची.

सुगंधावरचं जळणं तर बारमाही. सुगंधाचा पहिला केस पिकलेला दिसला, त्या दिवशी वहिनीने शिरा केला होता. वाटीभर माझ्याकडेही आला. चाळ पडून बिल्डिंग झाली तेव्हा दोघींना एकाच मजल्यावर घरं मिळाली. सुगंधाच्या हॉलमध्ये दुपारपर्यंत ऊन, वहिनीच्या खिडकीसमोर शेजारच्या टॉवरची भिंत. भर दिवसा ट्यूबलाइट. "बघितलंस? उजेडसुद्धा तिलाच," ती म्हणाली. खरंच होतं.

गेल्या वर्षी तिच्या मुलाचं, नितेशचं लग्न झालं. श्रुतिका बोरिवलीची, अंधेरीला लॅबमध्ये कामाला, रंगाने थेट सासूवर गेलेली. सुगंधाने तोंड पाहिल्या पाहिल्या टोमणा मारला, "ताई, सून अगदी घरातलीच शोधलीत हो!" श्रुतिका खळखळून हसली. तिला ते लागलंच नाही. आपण काळ्या आहोत याचं त्या पोरीला काही पडलेलंच नव्हतं, आणि वहिनीला नेमकं तेच सहन होईना.

डिसेंबरात श्रुतिकाने विचारलं, "आई, संक्रांतीला काळी साडी घ्यायला कधी जायचं?"

"पिवळी घे," वहिनी म्हणाली. "काळ्यावर काळं बरं नाही दिसत."

"अहो, मी रोज काळाच कुर्ता घालून जाते. कोणाची वाट लागली का?" असं म्हणून पोरगी डबा घेऊन कामाला गेलीसुद्धा, आणि रविवारी आपली आपण काळी साडी घेऊन आली.

वहिनी त्याच संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. चहा निवला तरी कप उचलेना.

"मेली सासू माझ्या तोंडात येऊन बसली गो," ती म्हणाली. "पिवळी घे म्हणाले मी. मी!"

"मग आता दागिने कर छान."

"नाही होत. तिच्यासाठी हात जात नाही परातीकडे. त्या पोरीवर जळतंय माझं. सुगंधावर जळायचे, तेव्हा वाटायचं ती गोरी आहे, तिचं नशीब. ही तर माझ्यासारखीच आहे. मग हिलाच का?"

मी तिचा निवलेला चहा परत गरम करायला ठेवला.

जानेवारी उजाडला. बाहेरच्या सगळ्यांचे दागिने झाले, घरच्या सुनेचे नाहीत. श्रुतिका काही मागेना, पण रोज परातीकडे बघून जायची. मला तर वहिनीचा राग यायला लागला होता. शेवटी सुगंधाच म्हणाली, "ताई, तुम्हाला जमत नसेल तर मी आणते बाजारातून तयार. पोरीची हौस कशाला मारायची?"

सुगंधाने आणायचे? नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याच दुपारी वहिनीने परात चढवली. रागारागात केला, पण हलवा असा काटेदार उतरला की तसा मी पूर्वी बघितला नव्हता.

संक्रांतीला हळदीकुंकू वहिनीच्याच हॉलमध्ये झालं, त्या ट्यूबलाइटखाली. श्रुतिका आतून आली. काळी साडी, काळी कांती, आणि त्यावर पांढरा मुकुट, बाजूबंद, बांगड्या. हलव्याचा कण न् कण दिसत होता. सुगंधा कौतुकाने आपला जुना फोटो घेऊन आली होती, तुलना करायला. तो हातोहात फिरला. गोऱ्या दंडावर बाजूबंद शोधावा लागत होता. सुगंधाचं तोंड एवढंसं झालं. "माझे कुठे एवढे उठून दिसले होते?" ती म्हणाली.

मला वाटलं, आता वहिनी उड्या मारेल. सगळ्या आयुष्याचा दावा जिंकली बाई! पण ती सुनेकडे बघत उभी होती आणि तिचा चेहरा उतरत गेला. आपल्यावर हे कसं दिसलं असतं, ते तिला आत्ता कळलं होतं. ती आत निघून गेली. रडायला गेली असेल, म्हणून मी मागे जायला उठले.

तेवढ्यात ती काजळाची डबी घेऊन बाहेर आली. सुनेची मान वळवली आणि कानामागे बोट टेकवलं.

"तीट कशाला, ताई?" सुगंधा हसली. "हिच्यावर दिसणार तरी आहे का?"

"दिसायला नाही लावली," जानकीवहिनी म्हणाली. "सगळ्यांत आधी माझीच दृष्ट लागली असती तिला."