दोन पेनं आणि माझं तिसरं वर्ष

मुलाकडच्यांनी सोनं मागितलं नाही, गाडी मागितली नाही, म्हणून आमच्या घरी सगळे खूश होते. बैठक लोधिवलीला त्यांच्या घरी झाली. तिथं मुलाची आई म्हणाली, "आमाला काय नको. पोराला पेनाचा नाद हाय. साखरपुड्यात एक चांगलं पेन द्या त्याच्या हातात, बास." बाबा हसून म्हणाले, "एक काय, डझनभर देतो की!" बैठकीला मी नव्हते. हे सगळं मला नंतर आत्यानं सांगितलं.

त्याच आठवड्यात मुलानं मला मोबाइलवर दोन पेनांचे फोटो पाठवले. खाली लिहिलं होतं, 'यातलं कुठलंही एक. तू निवड.' किंमत वाचून मला वाटलं, एखादं शून्य चुकून जास्त पडलंय. मी बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि परत लावला.

"सोनं बसवलंय का ह्यात?"

"टोक सोन्याचं असतं, बाबा. निब."

"मग अंगठीच मागायची ना सरळ," आत्या म्हणाली. "अंगठी बोटात दिसते तरी चार माणसांना. खिशातलं सोनं कोन बघतंय?"

"आता शब्द दिलाय," बाबा म्हणाले. विषय तिथंच संपला.

मी कर्जतच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबांची भातशेती आहे आणि खालापूरकडच्या एका कारखान्यात ते पाळीवर जातात. रोज सकाळी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी कशेळ्यापर्यंत यायची, तिथून ते कंपनीच्या गाडीनं जायचे आणि मी कर्जतची जीप पकडायची. परीक्षा एप्रिलमध्ये संपणार होती आणि लग्न मे महिन्यात धरायचं चाललं होतं. तिसऱ्या वर्षाचं काय, हे कोणीच बोलत नव्हतं. मुलगा बघायला आला होता तेव्हा आम्हाला परसात थोडा वेळ बोलायला सोडलं होतं. तेव्हा मी धीर करून विचारलं होतं, "माझं तिसरं वर्ष मला कॉलेजात जाऊनच पूर्ण करायचंय. चालेल ना?" तो छान हसला आणि म्हणाला, "बघू ना." हसण्यात काही वाईट नव्हतं. पण त्या 'बघू ना'चा अर्थ मला लागत नव्हता, आणि परत विचारायचा धीर होत नव्हता.

त्यात हे पेन निवडायचं काम आलं. मी तोवर शाईचं पेन हातात धरलेलंही नव्हतं. वर्गातल्या मैत्रिणीकडून शाईच्या पेनांचे व्हिडिओ कसे शोधायचे ते शिकले आणि जीपमध्ये, कॅन्टीनमध्ये ते बघत बसले. एक पेन काळं, जाड, रुंद निबेचं. ते म्हणे सही करणाऱ्या माणसाचं. दुसरं गर्द हिरवं, सडपातळ, निब बारीक. ते पानंच्या पानं लिहिणाऱ्याचं. मी विचार करायची, हा माणूस यातला कुठला? त्याचं अक्षर मी पाहिलेलं नव्हतं. तो चिडतो का, जेवताना बोलतो का, हेही मला ठाऊक नव्हतं. पेनावरून माणूस ओळखायचा प्रयत्न करत होते असं आज वाटतं, पण तेव्हा तो मूर्खपणा वाटत नव्हता.

शेवटी मैत्रीण म्हणाली, "अगं, दोन्ही मागव. एक आवडलं की दुसरं परत कर. ड्रेसचं नाही का करत आपण?" बाबांना हे समजावून सांगायला वेळ लागला. साखरपुड्याच्या जेवणासाठी ठेवलेल्यातले पैसे त्यांनी दिले. एका पेनाचे परत आले की ते आचाऱ्याला द्यायचे होते. आमच्या वाडीपर्यंत पार्सलवाला येत नाही, म्हणून कशेळ्याच्या मोबाइलच्या दुकानात पार्सल उतरवून घेतलं. आतल्या कार्डावर छापलं होतं, वापरलेलं पेन परत घेतलं जाणार नाही. मी घरात प्रत्येकाला बजावलं, "शाई लावायची नाही. एक थेंबसुद्धा नाही."

पेनं सुंदर होती, हे खरं. मी कोरडी निब कागदावर टेकवायची आणि लगेच उचलायची. हवेत नुसतं माझं नाव काढायची. हिरव्या पेनानं काढताना हात आपोआप हलका व्हायचा. पण न लिहिता काय कळणार? काळं पेन रुबाबदार होतं, चारचौघांत द्यायला तेच शोभलं असतं. रात्री ठरवायची काळं आणि सकाळी वाटायचं हिरवं. मैत्रीण वैतागून म्हणाली, "नवरा एका भेटीत पसंत केलास आणि पेनाला इतका वेळ?" मी हसले, पण ते मला लागलं. नवरा मी पसंत केला होता की नव्हता, हेच मला नीट सांगता आलं नसतं.

एका दुपारी कॉलेजातून घरी आले तर दोन्ही पेनं देवघरासमोर पाटावर उघडी ठेवलेली. पुढं तांदूळ, फुलं, उदबत्ती. आत्यानं हळदीकुंकू पाण्यात कालवून दोन्ही निबांना टोकापासून वरपर्यंत भरघोस लावलं होतं.

"आत्या! काय केलंस गं हे?"

"नवी वस्तू घरात आली, तशीच ठेवायची का? मोटारसायकलला लावलं, मिक्सरला लावलं. हे तर जावयाचं हाय."

"मी सांगितलं होतं ना, परत करायचंय एक! शाई लावू नका म्हणून!"

"शाई कुठं लावली?" आत्या खरंच गोंधळली. "कुंकू लावलंय."

मी पाण्यानं, कापसानं, जुन्या ब्रशनं घासत बसले. वरचं गेलं, पण निबेच्या फटीत लाल रेघ तशीच राहिली. कंपनीच्या नंबरवर फोन केला. पलीकडची मुलगी हिंदीत म्हणाली, "मॅडम, प्रॉडक्ट यूज्ड है." मी म्हणाले, "यूज नहीं किया, सिर्फ पूजा किया है." तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

बाबा पाळीवरून आले. ऐकून घेतलं. हात धुऊन जेवायला बसले आणि अर्ध्यावर उठले. ते मला पाहवलं नाही.

आत्यालाही वाईट वाटत होतं, पण ती तसं कबूल करणारी नव्हे. "नाय परत घेत तर नाय," ती म्हणाली. "दोन्ही देऊ त्याला. जोड चांगली दिसते. नाव होईल."

"एक मला पाहिजे," मी म्हणाले.

माझ्या तोंडून ते कसं निघालं, मला माहीत नाही. आई भाकरी थापता थापता थांबली. "तुला काय करायचंय?"

"तिसऱ्या वर्षाला लिहीन."

"कुठलं तिसरं वर्ष?" आत्या म्हणाली. आई पुन्हा भाकरी थापायला लागली. तेव्हा मला कळलं की घरच्यांच्या मनात त्याचं उत्तर कधीच ठरलंय, मला फक्त सांगायचं राहिलंय.

मी मागच्या पडवीत जाऊन त्याला फोन लावला. झालेलं सांगितलं. कुंकवाचं ऐकून तो मोकळेपणानं हसला. मलाही हसू आलं. मग मी म्हणाले, "काळं तुमच्यासाठी ठेवलंय. हिरवं मी ठेवून घेते."

"अरे, हिरवंच तर मला जास्त आवडलं होतं," तो म्हणाला. आणि लगेच, "पण असू दे. तुला आवडलंय ना? घे तू."

इतक्या सहज म्हणाला. मला वाटलं, माणूस चांगला आहे. त्याच धीरावर मी विचारलं, "आणि कॉलेज? तिसरं वर्ष?"

"ते बघू ना नंतर. लग्न तर होऊ दे. आईला घरात कोणीतरी लागतं. बाहेरून परीक्षा देता येतेच की. आणि पेन दिलं ना तुला?"

शेवटचं वाक्य तो लाडानं म्हणाला होता. मुद्दाम लागेल असं बोलायचा त्याचा स्वभाव नसावा. पण पेन देऊन कॉलेजचं मिटलं, असं मला नको होतं.

"तुम्ही दोन्ही पेनं घ्या," मी म्हणाले. "कॉलेजचं आत्ता सांगा."

"आत्ता कसं सांगू? घरी विचारावं लागेल."

"मग विचारा."

"साखरपुड्याची तारीख ठरलीय, माणसं सांगून झालीत," तो म्हणाला. आवाज बदलला होता. "अशा वेळी अट घालतात का?"

त्यानंच फोन ठेवला.

बाबा ओट्यावर बसले होते. मी समोर बसून सगळं सांगितलं, अडखळत. त्याची बाजूही सांगितली, कारण तो खोटं काही बोलला नव्हता. आत्या दारातून म्हणाली, "एका वर्षासाठी चांगलं स्थळ घालवशील गं. असं काय हाय त्या कॉलेजात?" कॉलेजात काय आहे हे एका वाक्यात सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

बाबांनी खिशातून फोन काढला आणि अंगणात फेऱ्या मारत बोलू लागले.

"रामराम पावणं. नाय, नाय, आलंय पेन. त्याचं काय नाय." ते फिरायचे थांबले. "पोरीच्या कॉलेजचं तेवढं बोलून घेऊ. साखरपुड्याची तारीख मग धरू… हां, माणसं सांगितलीत आमी पण. हां… राग नका मानू…"

नंतर ते बराच वेळ फक्त ऐकत राहिले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"काय म्हणाले?"

"कळवतो म्हनले." ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझा प्रवेश कधी भरायचा असतो?"

"निकाल लागला की लगेच."

त्यांनी मान हलवली. फोन ओट्यावर पालथा न ठेवता सरळ ठेवला, कोणाचा आला तर दिसावा म्हणून. आत आत्या रडत होती. आईनं ताटं वाढली होती, पण आम्ही कोणी आत गेलो नाही.