आपल्या भाषेत माग

ईस्टरच्या आदल्या दिवशी पूर्व जर्मनीतल्या एका खेड्यात मी हानाआजींच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. पिसाच्या टोकाने त्या अंड्यावर वितळलेल्या मेणाचे ठिपके देत होत्या. मेणाखाली रंग चढत नाही. आजी सोर्ब, म्हणजे जर्मनांमध्ये शतकानुशतकं टिकलेल्या छोट्या स्लाव समाजातल्या.

शेजारी बसलेली त्यांची शाळकरी नात जर्मनमध्ये म्हणाली, "मला दे ना एक!"

"आपल्या भाषेत माग."

"शाळेत कुणी बोलत नाही, आजी!"

"मग शाळेकडूनच घे रंगवून!"

आपण कुठून आलो, ते इतिहास सांगेल. पुढे उरणार का, हे अशा स्वयंपाकघरांत ठरतं आणि तिथे माघार घेणं मला मान्य नाही. आजींनाही नव्हतं.

नात फुरंगटली. मग अडखळत, चुकत, तिने सोर्ब भाषेत अंडं मागितलं.

आजींनी दोन दिली.