विंगेतला आवाज

सोप्रानो म्हणजे बायकांच्या आवाजातली सगळ्यात उंच पट्टी. शारजात, अल मजाजच्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मी हे किती जणांना समजावलं असेल. "म्हणजे सिनेमात गातेस का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. पण माझा राग त्यांच्यावर नाही.

बाबा अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. आठवडाभर तिकडेच राहायचे. सुट्टीला घरी आले की मला गाण्याच्या क्लासला सोडायचे आणि तास संपेपर्यंत पार्किंगमध्ये गाडीतच झोपायचे. पुढे मी इटलीत शिकले, परत आले, चर्चमधल्या कॉन्सर्टमध्ये गायले, हॉटेलांच्या लॉबीत नाताळची गाणी गायले. मग दुबईत एका मोठ्या ऑपेरात मला 'कव्हर'चं काम मिळालं. मुख्य गायिका आजारी पडली तर तिच्या जागी उभं राहायचं, त्यासाठी तिचा अख्खा रोल पाठ करून तयार असायचं.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी सकाळीच तिचा घसा बसला. मी बाबांना फोन केला. "बाबा, आज मी गातेय." ते हाफ डे टाकून निघाले.

दुपारी दिग्दर्शकाने बोलावलं. मवाळ बोलणारा युरोपियन माणूस.

"तू विंगेतून गा. स्टेजवर ती असेल, ती फक्त ओठ हलवेल."

"मला सगळ्या हालचाली पाठ आहेत," मी म्हटलं.

"माहीत आहे. पण ही भूमिका खानदानी फ्रेंच मुलीची आहे. तू पटणार नाहीस." हे म्हणताना तो माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांच्या रंगाकडे बघत होता.

"निदान माझं नाव अनाउन्स करा."

"इन्शाल्ला," शेजारी बसलेला मॅनेजर म्हणाला. त्याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे इथे वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मी गायले. दोन काळ्या पडद्यांच्या मधे, फायर एक्स्टिंग्विशरला खेटून, छोट्या स्क्रीनवर वाद्यवृंदाच्या कंडक्टरचे हात बघत. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि ती वाकून नमस्कार करत राहिली. माझं नाव कोणी घेतलं नाही.

बाबा बाहेर गाडीपाशी उभे होते.

"ती बाई नुसतं तोंड हलवत होती ना?"

"हो."

"मला पहिल्याच ओळीला कळलं. शेजारच्या माणसाला मी म्हटलं, ही माझी मुलगी गातेय. त्याने स्टेजवरच्या बाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि हसला."

तोवर मी फक्त दुखावलेली होते. या वाक्यावर माझं डोकं सणकलं. माझ्या बापाला कोणीतरी खुळ्यात काढलं होतं, आणि तो खरं बोलत होता.

दुसऱ्या दिवशीही मुख्य गायिकेचा घसा बसलेलाच होता. मी मॅनेजरला सांगितलं, "स्टेजच्या कडेला, उजेडात उभी राहीन. आधी नाव सांगायचं. नाहीतर गाणार नाही."

"हे प्रोफेशनल वागणं नाही."

"मग दुसरी आणा."

दुसरी नव्हती. प्रयोगाला पंधरा मिनिटं असताना माझ्यासाठी कडेला एक स्टँड ठेवला गेला. माइकवरून घोषणा झाली आणि माझं नाव इतकं मोडून उच्चारलं की मलाच ओळखू आलं नाही. कंडक्टरने हात वर केले होते. मी 'थांबा' म्हणून मान हलवली. सभागृहाकडे तोंड करून माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, स्वच्छ उच्चारलं. मला माइक लागत नाही. ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं असणार. मग मी कंडक्टरकडे बघितलं, आणि त्याने सुरुवात केली. त्या दिवशी मी रागाने गायले आणि चांगलं गायले.

बाबा मात्र तेव्हा शिफ्टवर होते. त्यांना मी फोनवर सगळं सांगितलं.

"बरं केलंस. आता कॉन्ट्रॅक्ट?"

"खलास."

तसंच झालं. 'वागायला अवघड' हा शिक्का इथल्या छोट्या संगीतवर्तुळात पसरायला आठवडाही लागला नाही. आता मी अजमानच्या एका शाळेत गाणं शिकवते, मिळतील तिथे कॉन्सर्ट करते. माझा राग गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

गेल्या महिन्यात त्याच मंडळींची मेल आली, पुन्हा कव्हरसाठी. मुख्य रोलची ऑडिशन असेल तर येते, असं मी कळवलं. अजून उत्तर नाही.