गोष्टीतल्या बाईला मी घरी आणलं

ये गं बाय, जवळ बस. पण तुला बसायला वेळ कुठं असतो? दोन दिवस राहिलीस, त्यातला दीड दिवस मोबाइलमध्ये डोकं घालून. आणि पिशवी भरता भरता विचारलंस, "आजी, आई इकडं का येत नाही?" असलं कोणी दारात उभं राहून विचारतं का? मी तोंड उघडेपर्यंत तुझी एसटी लागली. म्हणून लिहिते. चौथीपर्यंतच शाळा झाली माझी, पुढचं वाचन आपलं आपण केलेलं, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

तुझी आई तेव्हा मुंबईला शिकायला होती. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. तिकडं ती पिक्चर दाखवणाऱ्या मंडळींत मिसळली. त्यांनी एक महोत्सव भरवला होता, देशाबाहेर राहणाऱ्या व्हिएतनामी माणसांच्या पिक्चरचा. त्या देशात मोठं युद्ध झालं, ते संपल्यावर पुष्कळ लोक होड्यांत बसून निघून गेले, कुणी अमेरिकेला, कुणी फ्रान्सला. परक्या मुलखात वाढलेल्या त्यांच्या मुलांनी हे पिक्चर काढलेले. तुझी आई म्हणाली, "आपल्याकडं पण दाखवू. आपले लोक पण भात कापून झालं की ठाण्या-भिवंडीला जातात. त्यांना समजेल." आम्ही साखरशेतला राहत होतो. मास्तरांनी शाळेतला मोठा वर्ग दिला.

वीज दुपारचीच असायची, म्हणून खेळही दुपारचा. खिडक्यांना गोणपाटं ठोकली, भिंतीवर चादर लावली. म्हातारे पुढं बसले, बाया पोरं कडेवर घेऊन मागं. पिक्चरमधले लोक बोलायचे त्यांच्या भाषेत, खाली अक्षरं इंग्रजी. तुझ्या आईनं एकेक वाक्य मराठीत करून वहीत लिहिलं होतं, आणि माइकवर वाचायचं काम मला दिलं. म्हणाली, "आई, तुझा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. आपल्या बोलीत सांग, पण वहीत आहे तेवढंच सांग." दोन दिवस आधी वही माझ्या हातात दिली.

पहिल्या दिवशी मजा झाली. पडद्यावर बाया चिखलात वाकून भाताची आवणी करत होत्या, तर पुढून एक म्हातारे म्हणाले, "हे तर आपल्यासारखंच लावतात की." शेजारची काकी लगेच, "तुमच्यासारखं कुठं, काका? तुम्ही तर बांधावर बसून लावता." सगळा वर्ग हसला. तुझी आई मशीनजवळ उभी होती, तीही हसली. तिचं इतकं मोकळं हसणं मी पुढं फारसं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसाचा पिक्चर मायलेकींचा. लेक लहानपणी मावशीबरोबर होडीतून गेलेली, आई गावातच राहिलेली. शेवटी लेक फोनवर म्हणते, "आई, माझी वाट बघू नकोस. मी परत राहायला येणार नाही. रागावले म्हणून नाही, मला इथंच राहायचं आहे म्हणून." आई फोन ठेवते, तांदूळ धुवायला घेते. संपला पिक्चर.

वहीत ते मी आधीच वाचलं होतं. मोखाड्याकडच्या एका शाळेत शिक्षिकेची जागा निघाली होती. तुझ्या आजोबांनी अर्ज भरून ठेवलेला, तुझ्या आईची सही तेवढी बाकी, आणि दिवाळीपासून ती सही पुढं ढकलत होती. फोनवरचं ते बोलणं पिक्चरमधलंच, तिनं मनाचं घातलं नव्हतं. पण हाच पिक्चर तिनं का निवडला ते मला कळलं. दोन दिवस ती माझ्याकडं बघत होती, मी काही विचारते का म्हणून. मी वही उशाखाली ठेवली आणि नागली निवडत बसले.

आता आमच्या घरची एक रीत ऐक. माझी आई गोष्टी सांगायची, पण तिचा नेम असा की गोष्टीतलं माणूस बाहेर ठेवून उठायचं नाही. रानात चुकलेला असो, रुसून गेलेली असो, सगळ्यांना घरात आणायचं, मगच गोष्ट संपवायची. नाहीतर ऐकणाऱ्याच्या घरचं माणूस वाटेत अडकतं म्हणे. मीही तेच शिकले.

तर ते बोलणं आलं. पडद्यावर लेकीचे डोळे भरलेले, आणि मी माइकमध्ये म्हणाले, "आई, तांदूळ जास्त घे, मी उद्या निघते." तिकडं आईनं खरंच तांदूळ घेतले, जुळूनच आलं. बायांनी डोळे पुसले. काकी म्हणाली, "आली बाई एकदाची." टाळ्या पडल्या. तुझे आजोबा मागं वळून तुझ्या आईला म्हणाले, "बघ, अमेरिकेची पोरगी पण घरी येते."

तिनं मशीन बंद केलं. गोणपाटं काढली, वायरी गुंडाळल्या. घरी चुलीजवळ बसल्यावर म्हणाली, "आई, ती आली नव्हती."

"अगं, लोकांना कशाला रडवायचं? आपली रीतच आहे."

"लोकांचं राहू दे. का येत नाही, ते सांगायला पिक्चर काढणाऱ्या बाईनं एवढी मेहनत घेतली. तू तेवढंच गाळलंस."

मी म्हणाले, "जेवून घे."

सकाळच्या गाडीनं ती गेली. अर्ज सहीशिवाय राहिला. लग्न तिकडंच केलं, तू झालीस. आमचं भांडण कधी झालं नाही, आणि भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. फोन करते, गोळी घेतली का विचारते, पाऊस किती झाला विचारते. स्वतःचं काही सांगत नाही. सांगितलं तर आई त्यातही आपलंच काही घालेल, असं वाटत असेल, आणि तिचं काय चुकलं?

पुढं तेच पिक्चर खोडाळ्याला दाखवले. वही तिनं दुसऱ्या कुणाला दिली. मला ते बाजारात कळलं. दोन्हीकडं पिक्चर बघितलेली एक बाई मला म्हणाली, "काकी, ती पोरगी शेवटी आलीच नाही हो. तुम्ही तर आली म्हणाला होतात." मी वांगी निवडत राहिले.

तेवढं वाचायला मला किती वेळ लागला असता? लोक थोडे रडले असते, घरी गेले असते. मग मी तिला विचारलं असतं, "हे तुझं पण आहे का गं?" ते विचारायचं राहिलं. आजोबा गेले, आता विचारायला मीच उरले. आणि फोनवर हे विचारता येत नाही.

तर तिला हे वाचून दाखव, काही न गाळता. आणि होळीच्या आधी दोघी या. राहायला या म्हणत नाही मी, दोन दिवस या. मी मध्ये बोलणार नाही. का येत नाही, ते सांगायला तरी ये म्हणावं.