काही नाही, बोल

माझं काम काय, हे मला कधी धड सांगता आलेलं नाही. बुऱ्हाणपुरात राजपुऱ्यात एका किराणा दुकानाच्या वर दोन खोल्यांचं शिलाईचं प्रशिक्षण केंद्र आहे. ते सरकारी योजनेतून चालतं आणि मी तिथली केंद्र समन्वयक आहे. शिकवतात त्या मास्तरीणबाई वेगळ्या. मला सुई ओवायची झाली तर खिडकीशी जाऊन, चष्मा वर-खाली करून, शेवटी ती मास्तरीणबाईंकडेच द्यावी लागते. मी करते काय, तर कॉम्प्युटरसमोर बसून, बायका खरंच शिकतायत हे सरकारला पटवून देते. सकाळी सगळ्यांचे अंगठे हजेरीच्या मशीनवर उमटले का, दुपारी वर्गाचा फोटो पोर्टलवर चढला का, शिकून गेल्यावर कोण कामाला लागली, हे सगळं भरत जायचं. बरोबर भरलं की पुढे हिरवी खूण येते. सगळं हिरवं झालं की केंद्राचा हप्ता सुटतो.

या हिरव्या खुणेचं मला व्यसन लागलंय. घरी आमटी करपली तर मी शांतपणे दुसरी फोडणी टाकते, पण पोर्टलवर एक लाल चौकोन दिसला की छातीत धडधडायला लागतं. नवरा म्हणतो, "तू पिंडीवर बेल वाहिलास तरी म्हणशील, झालं बाई अपलोड." हा विनोद मला आवडला नाही, कारण एकदा श्रावणात मी खरोखर तसं म्हणाले होते.

भोपाळच्या कार्यालयाचा एक ग्रुप आहे, त्यावर नियम येतात. आधी 'नवीन प्रारूप', मग 'संशोधित प्रारूप', मग 'अंतिम प्रारूप', आणि अंतिमनंतर 'अंतिम प्रारूप में आंशिक संशोधन'. प्रत्येकाखाली सगळ्या केंद्रांच्या आधी मी हात जोडलेलं चित्र टाकते आणि 'जी सर' लिहिते. वाचते नंतर. कधी कधी बऱ्याच नंतर.

अशाच एका नियमाला हात जोडून झाल्यावर मी तो वाचला. केंद्रांनी भरलेल्या माहितीवर आता नुसता विश्वास ठेवणार नव्हते. शिकून गेलेल्या बायकांना थेट भोपाळहून फोन जाणार, त्या काय करतात ते त्यांच्याच तोंडून विचारणार, आणि निम्म्याहून जास्त बायका काम करत असतील तरच केंद्राला पुढची बॅच मिळणार. बॅच नाही तर खोल्यांचं भाडं नाही, मास्तरीणबाई नाहीत आणि मीही नाही. पुढच्या बॅचसाठी नावं देऊन गेलेल्या बायका तर आताच जिन्यात डोकावून विचारत होत्या, "मॅडम, कधी सुरू होईल?" त्यातली एक डोईफोडियाहून बस बदलून यायची, नुसतं एवढं विचारायला.

मी घाबरले नाही, उलट खूश झाले. आमच्या मागच्या बॅचनं लोधीपुऱ्यातल्या जुन्या टेलरांना घाम फोडला होता. कोणी ब्लाउज शिवत होतं, कोणी फॉल-पिको करत होतं, एकीनं तर शाळेच्या गणवेशांचं काम घेतलं होतं. मी मास्तरीणबाईंना ऐटीत म्हणाले, "येऊ द्या त्यांचे फोन."

फोन आले, आणि पोर्टल लालेलाल झालं. बाईच्या फोटोशेजारी एक चौकट असते, 'वर्तमान स्थिति'. तिच्यात नौकरी, स्वरोजगार, पढ़ाई असे पर्याय असतात आणि शेवटचा पर्याय असतो 'कुछ नहीं'. आमच्या जवळजवळ सगळ्या बायकांपुढे लिहिलं होतं, कुछ नहीं.

माझं डोकं फिरलं. मी तशीच उठले आणि लोधीपुऱ्यात गेले, आमच्या सगळ्यांत तयार विद्यार्थिनीच्या घरी. ती मशीनवर बसली होती. सुईखाली ब्लाउजची बाही, मांडीवर अस्तर, बाजूला कापडांचा हा ढीग, आणि दारात एक गिऱ्हाईक गळ्याच्या मापावरून हुज्जत घालत होतं.

"भोपाळहून फोन आला होता तुला?" मी विचारलं.

"आल्ता ना मॅडम."

"काय विचारलं?"

"ती बोलली, आप इस समय क्या कर रही हैं. त म्या म्हटलं, कुछ नहीं, बोलिए."

"कुछ नहीं? मग हे काय आहे?" मी मशीनकडे बोट दाखवलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अवो मॅडम, फोनवर कोणी विचारलं काय करू राहिली, त मी कामात आहे असं म्हणते का कोणी? समोरच्याले वाईट वाटते. बिचारीनं इतक्या दुरून फोन केला."

"मग पुढे?"

"पुढे काही नाही. धन्यवाद बोलली अन् ठेवून दिला. म्या म्हटलं, अजबच लडकी आहे. फोन केला, अन् काम काय होतं ते सांगितलंच नाही."

तिचंही खरं होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'कुछ नहीं' आलं की त्या भोपाळच्या मुलीच्या पडद्यावर पुढचे प्रश्न उघडतच नाहीत. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात माझा फोन वाजला. आई होती. ती नेपानगरला असते. वडील तिथल्या कागदाच्या कारखान्यात होते, निवृत्तीनंतर दोघं तिथेच राहिली. दुपारची झाकपाक झाली की ती मला रोज फोन करते.

"काय करतेस?" आई म्हणाली.

"काही नाही, बोल," मी म्हणाले.

मशीनवरच्या बाईनं पदर तोंडाला लावला आणि मान फिरवली. ती का हसली हे मला तेव्हा कळलं नाही. मी चिडलेली होते आणि चिडल्यावर माझी अक्कल रजेवर जाते.

भोपाळवाल्यांच्या हातापाया पडून मी त्यांच्याकडून पुन्हा एकदा फोन करायचं कबूल करून घेतलं. मग सगळ्या बायकांना केंद्रात बोलावलं, फळ्यावर लिहिलं, 'मैं स्वरोजगार में हूँ, सिलाई का काम करती हूँ', आणि पाढे घोकवतात तसं घोकवून घेतलं. 'स्वरोजगार' कोणाच्या जिभेवर बसेना. एकीचं 'सौ रोजगार' व्हायचं. तिला म्हटलं, असू दे, शंभर तर शंभर, वाढलेलेच बरे. एकीनं शंका काढली, "पण मॅडम, रोजगार म्हणजे त बाहेर जावं लागते ना? मी त घरातच शिवते." यावर मी जे भाषण ठोकलं ते काही विचारू नका. म्हणाले, "काम करता ना? मग काम करते असं म्हणा. लाज कसली? आपल्या कामाला आपणच काम म्हणायचं नाही, तर दुसरं कोण म्हणणार?" माझा आवाज चढला, हात हवेत गेले. मास्तरीणबाईंनी फोटो काढला. तो मी 'जागरूकता सत्र' म्हणून पोर्टलवर टाकला आणि हिरवी खूण घेतली.

घोकंपट्टी जरा जास्तच झाली. एकीनं गॅसच्या सिलिंडरवाल्याला सांगितलं की मैं स्वरोजगार में हूँ. दुसरीच्या दिराचा हळदीचं आमंत्रण द्यायला फोन आला, त्यालाही तिनं तेच ऐकवलं, आणि वहिनीला काय झालं म्हणून तो बिचारा संध्याकाळी घरी येऊन बघून गेला. पण भोपाळचे फोन आले तेव्हा एकही बाई चुकली नाही. पोर्टल हिरवंगार झालं. मी मास्तरीणबाईंना दुकानातून रसगुल्ले मागवायला लावले.

त्याच नियमात खाली आणखी एक परिच्छेद होता. केंद्राच्या कर्मचाऱ्यांनाही असाच फोन जाईल, असा. तो परिच्छेद मी वाचला नव्हता. 'जी सर' मात्र लिहिलं होतं.

एका दुपारी चालू वर्गाचा फोटो चढत नव्हता. एका हातात माउस, दुसऱ्या हातात डब्याचं झाकण, तोंडात पोळीचा घास, आणि फोन खांद्यावर दाबून धरलेला. अनोळखी गोड आवाज आला, "नमस्ते जी, आप इस समय क्या कर रही हैं?"

"कुछ नहीं, बोलिए ना," मी म्हणाले.

"धन्यवाद," आवाज म्हणाला आणि बंद झाला. मला वाटलं, रेंज गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्टल उघडलं तर सगळ्यांत वर माझा फोटो होता. ओळखपत्रासाठी काढलेला, दात दिसतील असा हसरा. शेजारी, वर्तमान स्थिति: कुछ नहीं. आणि खाली, समन्वयक काम करत नसल्यामुळे नवीन बॅच प्रतीक्षेत. मी किती वेळ नुसती त्या हसऱ्या बाईकडे बघत बसले. मग रडू आलं. चूक झाली म्हणून नाही. एवढ्या बायकांना फळ्यापुढे उभं करून मी शिकवलं आणि मलाच ते येत नव्हतं, याची फार लाज वाटली.

भोपाळनं सांगितलं, एकदा पुन्हा फोन येईल, मग बदल होणार नाही. मास्तरीणबाईंनी ही बातमी पोटात ठेवली नाही. दुपारपर्यंत लोधीपुऱ्याची ती बाई दोघी-तिघींना घेऊन हजर. तिनं मला शिकणाऱ्यांच्या स्टुलावर बसवलं, स्वतः माझ्या खुर्चीत बसली आणि कात्री कानाला लावली.

"नमस्ते जी. आप इस समय क्या कर रही हैं?"

"कु..." माझ्या तोंडातून निघालंच. सगळ्या खिदळल्या.

"मॅडम, काम करता ना? मग काम करते म्हणा. लाज कसली?" ती माझ्याच चढ्या आवाजात, हात हवेत नाचवून म्हणाली. मी पुन्हा सुरू केलं आणि अडले. काम करते, पण कोणतं? सासूबाई शेजारणींना सांगतात, "जाते ती, तेवढाच वेळ जातो तिचा." मी बाजूला उभी असते आणि मान डोलावते. इतकी वर्षं डोलावत आलेय. ते आठवलं आणि मी स्टुलावर मान खाली घातली. बायका हसायच्या थांबल्या. लोधीपुऱ्याच्या बाईनं कात्री खाली ठेवली आणि हळूच म्हणाली, "तुम्ही नसत्या त आम्ही कुठून शिकलो असतो? तेच सांगा ना."

फोन आला तेव्हा मी का कोण जाणे उठून उभी राहिले. प्रश्न पुरता व्हायच्या आधीच ओरडले, "मैं काम करती हूँ! केंद्र चलाती हूँ!"

"जी मैडम, सुनाई दे रहा है," ती मुलगी म्हणाली, आणि माझ्या बाबतीत पहिल्यांदाच तिचे पुढचे प्रश्न उघडले. मी सगळ्यांची उत्तरं उभ्यानंच दिली. संध्याकाळच्या आत बॅच मंजूर झाली. डोईफोडियाच्या बाईला मी स्वतः फोन केला. ती काय करत होती ते विचारायचं मुद्दाम टाळलं.

त्यानंतर आईचा फोन आला, त्या दिवशी जरा उशिरा.

"काय करतेस?"

"काम करतेय," मी म्हणाले.

आई घाबऱ्या आवाजात म्हणाली, "बरी आहेस ना गं? घरी काही झालं का?"

"नाही गं, सगळं ठीक आहे." मला हसू आवरेना. "तू काय करतेस?"

"मी?" आई म्हणाली. "मी कुठे काय. काही नाही, बोल ना."

तिच्या बोलण्याबरोबर खलबत्त्यात काहीतरी कुटल्याचा आवाज इतका वेळ येत होता. माझं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून तिनं हात थांबवला.