आदी उजेड दावा

मावशी आमच्या घरात शिरल्या की चपला दारात, पिशवी ओट्यावर आणि हात थेट पडद्याला. "आदी उजेड दावा पोरीला!" हे त्या इतक्या मोठ्यानं म्हणत की समोरच्या फ्लॅटमधलेही उठून आपले पडदे सरकवत असावेत.

बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला त्या यायच्या. मूळच्या चाकणजवळच्या गावातल्या. शेत कंपनीत गेलं, मागोमाग तिन्ही मुलगे कंपनीत गेले. मावशी मात्र तळवड्याकडच्या सोसायट्यांमधून सकाळभर बाळं न्हाऊ घालत फिरत. तुमच्याही इमारतीत अशा कुणी येत असतील, पण आमच्या मावशींचा आवाज तुम्हाला जिन्यातच ओळखू आला असता.

आमची जुई चार महिन्यांची होऊन आजोळाहून, म्हणजे लातूरहून आली, तेव्हा मी कंपनीत मुद्दाम कायमची रात्रपाळी मागून घेतली. दिवसा घरी राहून बायकोला मदत करायची, असा माझा थोर विचार. प्रत्यक्षात मी सकाळी येऊन आडवा व्हायचो. माझी झोप मोडू नये म्हणून सुजाता जाड पडदे ओढून घ्यायची, कुकर न लावता पातेल्यात भात शिजवायची आणि माझ्याशी काय, फोनवरसुद्धा कुजबुजत बोलायची. जुई माझ्याशेजारी संध्याकाळपर्यंत गाढ झोपलेली. मी गावी फोन करून ऐटीत सांगायचो, "लेक बापावर गेलीय, काही त्रास नाही."

त्रास सगळा सुजाताच्या वाट्याला होता. मी कामावर निघालो की जुईचे डोळे टक्क उघडायचे. मग घरातले सगळे दिवे लावून, टीव्ही चालू ठेवून सुजाता तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायची. तिची रजा संपायला पंधरा दिवस उरले होते. मावशींच्या कामाचा तो पहिलाच आठवडा. त्या तेल कोमट करत होत्या आणि सुजातानं शेजारच्या शेगडीवर फोडणीत मोहरीऐवजी चहाची पूड टाकली. मग तिथंच फरशीवर बसून ती रडायला लागली. "मला नाही जमणार नोकरी. राजीनामा देते मी."

मावशींनी ओढलेल्या पडद्याकडे पाहिलं, मग रात्रपाळीहून आलेल्या माझ्याकडे.

"व्हय रं, पोरगी कंच्या कंपनीत लागली?"

"म्हणजे?"

"बापासंगं रातपाळी करतीय न्हवं! दिसा अंधार, रातीला उजेड. तिला बापडीला काय ठावं?"

मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. त्याच सकाळी माझी घरातून हकालपट्टी झाली. जुईची घडी बसेपर्यंत मी दिवसा मावशींच्या घरी झोपायचं ठरलं. "दिसा निजायची लई चांगली सोय हाय माज्याकडं," त्या म्हणाल्या.

सुजाताला वेगळे हुकूम. दिवसा पडदे उघडे, कुकरच्या शिट्ट्या होऊ द्यायच्या. संध्याकाळी रोज ठरल्या वेळी अंग पुसणं, दूध, एकच अंगाई आणि दिवे बंद. डोळे जड झाले की पुरती झोपायच्या आत खाली ठेवायचं.

"रडेल हो ती."

"रडंल. जवळ बसून थापट. खांद्यावर निजवतीस, मग कामाला जाताना खांदा हितं ठिवून जाशील का?"

मावशींच्या घरी मी पहिल्यांदा गेलो आणि चकितच झालो. तीन मुलगे तीन पाळ्यांत, म्हणजे घरात कायम कुणीतरी झोपलेलं. पडदे आमच्यापेक्षा जाड, बेलची वायर काढलेली, सुना खुणांनी बोलतायत. दुपारी मावशी कामं आटपून आल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "जेवलास का?" मला आवाज ओळखू येईना.

"मावशी, एवढं हळू?"

"धाकटा निजलाय. वीस वर्सं झाली, हितं कुनी मोठ्यानं बोललंच न्हाई."

आमच्याकडे त्या एवढं का ओरडतात ते तेव्हा मला कळलं, आणि फार वाईट वाटलं.

नवव्या दिवशी जुई दिवे बंद झाल्यावर स्वतःची स्वतः झोपली. सुजाता ठरल्या तारखेला जुईला पाळणाघरात सोडून कामावर गेली. मीही पहिली पाळी घेतली.

पुढे गुडघेदुखीपायी मावशींचं काम सुटलं. मागच्या वर्षी त्या गेल्या. त्याआधी एकदा कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही त्यांना भेटायला गेलो होतो, जुई तेव्हा चार वर्षांची. भर दुपारी थोरल्यानं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "आय निजलीय. रातभर टक्क जागी असती, दिसा निजती." तिन्ही मुलगे घरात होते आणि आईची झोप मोडू नये म्हणून चवड्यांवर चालत होते.

मी जुईला धरणार, तोवर ती खाटेला वळसा घालून खिडकीशी पोहोचली होती. तिनं दोन्ही हातांनी पडदा सरकवला आणि आमच्या घरी रोज सकाळी आम्ही ओरडतो तसं ओरडली, "आदी उजेड दावा!"

मावशींनी डोळे किलकिले केले. जुईकडे पाहिलं, भेदरून उभ्या राहिलेल्या तिन्ही मुलांकडे पाहिलं आणि आमच्या घरातल्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बगत काय ऱ्हायलाय? पोरीला जेवाय वाढा. अन् कुकर लावा गं, चांगल्या चार शिट्ट्या होऊ द्या!"