कन्याकुमारीची चाचणी

लांब जाण्याची एवढी तयारी करून जन्मभर इतका जवळ राहिलेला माणूस आमच्या साडूंखेरीज अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, हे यजमान. सातपूरच्या एका कारखान्यात तयार माल तपासून 'पास' किंवा 'नापास' ठरवण्याचं काम त्यांनी जवळजवळ तीस वर्षं केलं. संध्याकाळी कारखाना सुटायचा, पण साडूंची तपासणी सुटायची नाही. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोहे येण्याआधीच त्यांनी मला उभं केलं. "पाहुणे, जरा उठा," म्हणाले, खुर्ची उलटी केली आणि खिशातली मोजपट्टी काढून चारही पाय मोजले. "डावा मागचा दोन मिलिमीटर आखूड हे. खुर्ची डुलते. मंडळींना वाटायचं, नवरदेवच थरथरतोय." अक्का भाकऱ्या थापायची तेव्हाही हे जाडी मोजायचं व्हर्नियर घेऊन चुलीशेजारी उभे राहायचे. भाकरी कडेला पातळ आणि मध्ये जाड निघाली की नुसतं "हं" म्हणायचे. अक्का ती नापास भाकरी त्यांच्याच ताटात वाढायची, आणि ते मुकाट्यानं खायचे.

त्यांच्या आयुष्यात स्वप्न म्हणावं असं एकच होतं आणि तेही मुळात त्यांचं नव्हे, अक्काचं. अक्का निफाडकडची. लग्नाआधी नाशिकच्या पलीकडे काही बघितलेलं नाही. शाळेत असताना नकाशावर बाईंनी छडी ठेवून दाखवलं होतं, की देश इथं संपतो. ते तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी ती साडूंना म्हणाली, "मला एकदा तिथं उभं राह्यचंय. कन्याकुमारीला." साडू तेव्हा तरुण होते. त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं, "गाडीवर नेईन. मागं बसवून." आता हे वाक्य कुठल्याही दुसऱ्या नवऱ्यानं उच्चारलं असतं तर दोन वर्षांत विसरून गेला असता, आणि अक्का केव्हातरी महिला मंडळाच्या सहलीबरोबर रेल्वेनं जाऊन आली असती. पण आमचे साडू शब्दाचे पक्के. त्यांनी शब्द दिला आणि तपासणी सुरू केली.

नव्वदीच्या दशकात त्यांच्याकडे स्कूटर होती. स्कूटर कसाऱ्याच्या घाटात एकदा तापली, तेव्हाच ती नापास झाली. मग शंभर सीसीची मोटारसायकल आली. ती दोन माणसं आणि सामान घेऊन चढाला लागली की दमेकऱ्यासारखी धापा टाकते, असा शेरा मारून तिलाही त्यांनी बाद केलं. कुणीतरी म्हणालं, मोठी घ्या की, साडेतीनशे सीसीची, भारदस्त. साडू म्हणाले, "लय जड. वाटेत आडवी झाली तर उचलणार कोण? ही?" आणि अक्काकडे बोट दाखवलं. अक्का बिचारी म्हणाली, "उचलीन की." पण तिचं म्हणणं हिशेबात घेतलं गेलं नाही. एका स्पेअर पार्टच्या दुकानात त्यांनी परदेशी कॅलेंडर पाहिलं होतं. त्यात वाळवंटातून जाणारी एक उंच, सडपातळ मोटारसायकल होती, दोन्ही बाजूंना पेट्या लावलेली. तेव्हापासून त्यांचं मत ठाम झालं, की लांबच्या पल्ल्याला गाडी हवी ती मधली. ना थोराड, ना मरतुकडी. खड्ड्यातून उंच चालणारी. तशी गाडी आपल्याकडे मिळत नव्हती, म्हणून दहा वर्षं थांबले. अक्काही थांबली. मधल्या काळात त्यांची मुलगी शिकली, तिचं लग्न झालं, ती पुण्याला गेली.

दोन हजार सालानंतर कधीतरी सव्वादोनशे सीसीची तसल्या घाटाची गाडी बाजारात आली आणि साडूंनी ती घेतली. आम्ही पेढे खाल्ले. मला वाटलं, सुटलो एकदाचे. आता पुढच्या महिन्यात हे दोघं निघतील. तो माझा भाबडेपणा होता. गाडी दारात आली त्याच संध्याकाळी साडूंनी दोनशे पानी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'मधली गाडी लांबच्या प्रवासाला चालते काय?' खाली गाडीची सगळी मापं. मग रकाने आखले, आणि शेवटचा रकाना साक्षीदाराच्या सहीचा. साक्षीदार मी.

त्या रकान्यानं माझ्या आयुष्यातले किती रविवार खाल्ले ते मी मोजलेले नाहीत. टाकी एकदा भरली की किती जाते, बघा. सीट किती वेळानं टोचते, बघा. यावर ते म्हणायचे, "तास-दीड तासानं बूड बधिर होतं, पण पाठ ठणठणीत. म्हंजे सीट नापास, हँडल पास." मग सीटचा फोम तीनदा बदलून झाला. वारा छातीवर येतो म्हणून पुढे काच लावली. काच थरथरते म्हणून रबर लावलं. रबर किरकिरतं म्हणून काच काढली. एका दिवसात माणूस किती चालवू शकतो हे ठरवायचं होतं. तेव्हा सरळ दक्षिणेकडे निघून जावं की नाही? पण चाचणी ओळखीच्या रस्त्यावर घ्यायची असते, असा त्यांचा नियम. म्हणून ते एका दिवसात चार वेळा लासलगावला जाऊन आले. दर वेळी बाजार समितीच्या दाराशी थांबायचे, वहीत लिहायचे आणि माघारी. तिसऱ्या खेपेला कांद्याचे दोन व्यापारी त्यांच्याकडे संशयानं बघायला लागले. चौथ्या खेपेला चहावाल्यानं हळूच विचारलं, "साहेब, खरं सांगा, भाव पडणार हे का?" साडूंनी वहीतून मान वर न करता उत्तर दिलं, "अजून सांगता येणार नाय. मागचं चाक बघावं लागंल." ते वाक्य बाजारात पसरलं आणि ट्रॅक्टरवाले बराच वेळ मागच्या चाकाचा अर्थ लावत बसले होते म्हणे.

पण खरी कमाल पुढेच आहे. मागे माणूस बसल्यावर गाडी कशी चालते हे तपासणं आलंच. मी म्हणालो, "अक्काला बसवा आणि चला त्र्यंबकपर्यंत." साडूंनी माझ्याकडे असं काही पाहिलं, जणू मी कारखान्याची तिजोरी फोडायला सांगितली होती. "पाहुणे, खऱ्या मालावर चाचणी घेत नसतात. नमुना घ्यायचा." नमुना म्हणजे काय, तर ते अक्काला एसटीनं घोटीला घेऊन गेले आणि तिथल्या तांदळाच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर तिला उभं केलं. पन्नास हमालांच्या देखत. जितकं वजन भरलं तितकाच तांदूळ गोणीत भरून घेतला. अक्का लाजून चूर झाली. व्यापारी जाणता होता. तो म्हणाला, "वहिनी, देवापुढं माणसाची तुला करतात, तसं समजा." पुढली पाच-सहा वर्षं दर रविवारी साडूंच्या मागे ती गोणी बसली. पावसात तिला प्लॅस्टिकचा कागद घालायचे. उन्हात दोन तासांनी थांबून ती सावलीत ठेवायचे, कारण अक्कालाही ऊन सोसत नाही. दर सुगीला तांदूळ बदलायचे आणि जुना आम्ही नातेवाईक वाटून घ्यायचो. माझ्या घरी अक्काच्या वजनाचा भात कित्येकदा शिजला. आणि ते गोणी बांधून निघाले की अक्का गॅलरीत उभी राहून हात हलवायची. एकदा माझ्या बायकोला म्हणाली, "गोणी माझ्यापेक्षा जास्त हिंडली गं." दोघी हसल्या. मीही हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते, कारण त्या प्रत्येक रविवारी वहीत माझी सही आहे. एकदाही मी पेन खाली ठेवून म्हणालो नाही, की दाजी, पुरे झालं, ती वाट बघतेय.

साडूंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली त्याच्या पुढल्या वर्षी, दिवाळीनंतर, वही भरली. शेवटच्या पानावर त्यांनी 'पास' असं लिहिलं. आम्ही निरोप द्यायला सकाळी सातला गेलो. अक्का खाली आली ती पंजाबी ड्रेस घालून. जन्मात पहिल्यांदा. तो तिनं गाडी आली त्या वर्षीच शिवून ठेवला होता आणि घड्या इतक्या पक्क्या बसल्या होत्या की इस्त्रीनंही मोडल्या नव्हत्या. पेट्या लावल्या, नारळ फोडला, साडू पुढे बसले. अक्कानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, डावा पाय पायदानावर ठेवला आणि अंग उचललं. उचललं गेलंच नाही. गुडघ्यानं दगा दिला. तिनं दुसऱ्यांदा प्रयत्न केला, मग तिसऱ्यांदा. गोणी दोघं मिळून उचलून ठेवतात हो, ती स्वतःहून चढत नाही. एवढी साधी गोष्ट एवढ्या मोठ्या वहीत कुठंही नव्हती.

मी स्टूल आणलं. कशीबशी तिला बसवली. ते निघाले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. दुपारी एकला ते परत आले. सिन्नरच्या पुढे तिला पाय दुमडून बसवेना. ओठ चावून ती बसली होती, आणि साडूंनी आरशात तो चेहरा पाहिला. तिला खाली उतरवायला आम्ही तिघं लागलो. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघे झिजलेत, आता असलं काही नाही. साडूंनी गाडीवर ताडपत्री टाकली आणि त्या दिवसापासून ते घराबाहेर पडेनात. भाकरी मोजेनात. जाड असो, पातळ असो, आली तशी खायचे. मी म्हटलं, रेल्वेची तिकिटं काढतो, चौघं जाऊ. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "गाडीवर नेईन म्हणालो होतो, पाहुणे." मी हात टेकले. त्या घरात जाऊन चहा प्यायचंही मला जड जायला लागलं.

शेवटी मार्ग अक्कानंच काढला. एके सकाळी तिनं स्वतः ताडपत्री ओढून काढली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही जाऊन या. एकटे. मला तिथनं फोन करा आणि कसं दिसतं ते सांगा." ते नाही म्हणाले. ती म्हणाली, "मग मी उद्यापासून जेवणार नाय." उभ्या आयुष्यात तिनं धरलेला हा पहिला हट्ट. साडू गेले. दर मुक्कामाला फोन यायचा. गाडीनं कुठं म्हणून कुरकुर केली नाही. पंक्चरसुद्धा नाही. पाचव्या दिवशी दुपारी आम्ही अक्काकडे होतो तेव्हा फोन वाजला. "पोचलो," एवढंच ऐकू आलं. अक्कानं दोन्ही हातांनी फोन धरला होता. "तिथं पाण्याचे तीन रंग दिसतात म्हणे, तीन समुद्रांचे. दिसतात का हो?" तिकडून लगेच उत्तर आलं, "दिसतात ना." "कुठले कुठले?" "निळा. हिरवा. आणि एक... मातकट." अक्कानं डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ तसाच फोन कानाला धरून बसली.

साडू परत आले तेव्हा उन्हानं काळे ठिक्कर पडले होते. मी गाडीची चौकशी केली. "गाडीत काय दोष नाय. कुणी विचारलं तर बिनधास्त सांगा, मधली गाडी लांबच्या पल्ल्याला उत्तम." अक्का आत चहा टाकत होती. त्यांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "पाहुणे, मी समुद्र बघितलाच नाय. गाडी उभी केली, पाण्याकडं पाठ करून दगडावर बसलो आणि तिला फोन लावला. तिच्याआधी एकट्यानं कसं बघायचं? रंग आपले मनानं सांगितले." तीस वर्षांत न बघता एकही नोंद न केलेला हा माणूस माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

गाडी त्यांनी त्याच महिन्यात विकून टाकली. अक्का आता काठी घेऊन चालते. घरी कुणी नवीन पाहुणं आलं की कन्याकुमारीचं वर्णन करून सांगते, अगदी स्वतः जाऊन आल्यासारखं: इकडे निळं पाणी, तिकडे हिरवं, आणि दोन्हींच्या मध्ये मातकट पट्टा. त्या वेळी साडू उठून गॅलरीत जातात. परवा माझी बायको तिला म्हणाली, "अक्का, अजूनही जमेल, रेल्वेनं जाऊन एकदा डोळ्यांनी बघून येऊ." अक्कानं गॅलरीत उभ्या असलेल्या साडूंकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "नको गं. तिथं गेलं आणि रंग वेगळेच निघाले, तर ह्यांना कसं वाटेल?"